ट्रॉम्बेचे वाण आणि आपले शिवार : जैवतंत्रज्ञानाकडून काय घ्यावे, काय अपेक्षू नये

मुंबई उपनगर म्हटले की अंधेरी-बोरिवलीची गर्दी, मुलुंड-घाटकोपरचे कारखाने आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. या भागाचा शेतीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु उन्हाळी भुईमूग घेणाऱ्या शेतकऱ्याला टी.ए.जी.-२४ हे नाव अनोळखी नाही, आणि उडीद पेरणाऱ्याने टी.ए.यू.-१ ची पिशवी कधी ना कधी हाताळलेली असते. या दोन्ही नावांतील पहिले अक्षर 'टी' म्हणजे ट्रॉम्बे. मानखुर्दच्या पलीकडे, खाडीकाठी असलेले हे ठिकाण मुंबई उपनगर जिल्ह्यातच येते. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राने गेल्या काही दशकांत विविध पिकांचे सत्तरच्या आसपास सुधारित वाण दिले आहेत.

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणावे लागते. डाळींचीही आयात करावी लागते. गहू-तांदळाची कोठारे भरलेली असली तरी तेल व डाळ कमी पडत असेल, तर अन्नसुरक्षा पुरी झाली असे म्हणता येत नाही. भुईमूग, उडीद, मूग ही बहुतांशी कोरडवाहू व लहान शेतकऱ्यांची पिके आहेत. म्हणून या पिकांत विज्ञानाने नेमके काय केले व पुढे काय करता येईल, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जैवतंत्रज्ञान म्हणजे काय ?

सजीवांचा किंवा त्यांच्या एखाद्या भागाचा उपयोग करून उपयुक्त वस्तू, वाण वा प्रक्रिया निर्माण करणे म्हणजे जैवतंत्रज्ञान. या व्यापक अर्थाने पाहिले तर दुधाला विरजण लावणारी गृहिणीही जैवतंत्रज्ञानच वापरत असते. शेतीपुरते त्याचे ढोबळ मानाने पाच प्रकार करता येतील.

१) उपयुक्त जिवाणू व बुरशी : रायझोबियम, स्फुरद विरघळविणारे जिवाणू, ट्रायकोडर्मा इत्यादी.

२) ऊतीसंवर्धन : झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपे तयार करणे.

३) उत्परिवर्तन : बियाण्यावर किरणांचा वा रसायनांचा प्रयोग करून त्याच्या आनुवंशिक गुणांत बदल घडविणे. हे तंत्र आजच्या जैवतंत्रज्ञानाच्या आधीचे असल्यामुळे काही जण ते वेगळे मानतात. परंतु हेतू एकच आहे.

४) जनुकीय खुणांच्या साहाय्याने निवड : हवा तो गुण रोपात आला आहे की नाही, हे पानाच्या तुकड्यावरून ओळखणे.

५) जनुक स्थानांतर व जनुक संपादन : दुसऱ्या सजीवाचे जनुक पिकात आणणे, किंवा पिकाच्या स्वतःच्या जनुकात नेमका बदल करणे.

यांपैकी प्रत्येक तंत्र एका वेळी एखादेच काम करते. ते काम कोणते, हे शेतकऱ्याने ओळखले आणि उरलेली साथ स्वतःच्या मशागतीने दिली, तरच त्याचा लाभ टिकतो.

ट्रॉम्बेचा भुईमूग

प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात व त्यांवर जनुके असतात. निसर्गात या जनुकांत अधूनमधून आपोआप बदल होतात. परंतु त्यांचे प्रमाण फार कमी असते. क्ष-किरण किंवा कोबाल्ट-६० पासून निघणारे गॅमा किरण बियाण्यावर सोडले असता हे प्रमाण पुष्कळ वाढते. असे बी पेरून पहिली पिढी घेतात. बहुतेक बदल दुसऱ्या पिढीत उघड होऊ लागतात. त्या पिढीतील हजारो झाडे एकेक करून तपासावी लागतात. त्यांतील बहुतेक बदल निरुपयोगी वा अपायकारक असतात. ती झाडे टाकून देतात. एखादेच झाड ठेंगणे, लवकर पक्व होणारे किंवा टपोऱ्या दाण्याचे निघते. त्याची पुढे अनेक पिढ्या चाचणी घ्यावी लागते. किरण देण्याचे काम थोड्या वेळात होते. निवडीच्या व चाचणीच्या कामाला अनेक वर्षे लागतात.

किरण दिलेल्या बियाण्यापासून आलेले दाणे खाल्ल्यास अपाय होतो का, असा प्रश्न शेतकरी मेळाव्यात नेहमी विचारला जातो. गॅमा किरणांमुळे बी किरणोत्सारी होत नाही. किरण पेशीतून जातात, तेथे साठून राहत नाहीत. शेतकऱ्याच्या हाती येणारे बियाणे तर त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांचे असते.

या पद्धतीने स्पॅनिश इम्प्रूव्हड या भुईमुगापासून टी.जी.-१ हा टपोऱ्या दाण्याचा वाण मिळाला. तो १९७३ साली 'विक्रम' या नावाने प्रसारित झाला. पुढे मिळालेल्या उपयुक्त झाडांचे आपसांत संकर करण्यात आले. डॉ. एस. एच. पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांसह निवडलेला टी.ए.जी.-२४ हा वाण १९९१ साली प्रसारित झाला. नावातील 'टी' ट्रॉम्बेचा, 'ए' अकोल्याचा व 'जी' म्हणजे भुईमूग.

टी.ए.जी.-२४ मध्ये कोणता गुण आला ? झाड ठेंगणे झाले व लवकर पक्व होऊ लागले. त्याने तयार केलेल्या एकूण वाळलेल्या वजनापैकी निम्म्याच्या आसपास भाग शेंगांत जाऊ लागला. उंच वाढणाऱ्या झाडाला पाणी व खत जास्त दिले की पाला वाढतो. या झाडात तेच शेंगांकडे वळते. म्हणूनच ओलिताच्या उन्हाळी हंगामात हा वाण उठून दिसला.

त्यात एक उणीवही होती. उपट्या भुईमुगाच्या बहुतेक वाणांप्रमाणे याच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसते. काढणीच्या वेळी पाऊस आला तर शेंगांना जमिनीतच कोंब फुटतात व हातचा माल जातो. टी.जी.-२६ हा १९९५ च्या सुमारास आलेला वाण या बाबतीत सरस ठरला. त्याच्या दाण्याला सुमारे २० दिवसांची सुप्तावस्था असते. हे वीस दिवस वळवाच्या पावसात सापडणाऱ्या शेतकऱ्याला पिकाइतकेच मोलाचे असतात. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाबरोबर टी.पी.जी.-४१ हा मोठ्या दाण्याचा वाण २००४ साली आला.

वाण निवडताना केवळ 'उत्पादन किती' एवढेच न विचारता 'माझी काढणी कोणत्या दिवसांत येते', हेही पाहावे, ते याचसाठी.

उडीद व मूग

टी.ए.यू.-१ हा उडदाचा वाण १९८५ साली ट्रॉम्बे व अकोला यांनी संयुक्तपणे दिला. उत्परिवर्तित उडदाचा टी-९ या जुन्या वाणाशी संकर करून तो मिळाला. महाराष्ट्रात उडदाच्या फार मोठ्या क्षेत्रावर तो अनेक वर्षे पेरला गेला. मुगामध्ये भुरी रोग ही मोठी अडचण असते. थंडीच्या दिवसांत पानांवर पांढरी भुकटी पसरते व दाणे भरत नाहीत. टी.ए.आर.एम.-१ या वाणात भुरीला प्रतिकार करणारा गुण आणण्यात आला. ज्या हंगामात मूग घेणे परवडत नव्हते, त्या हंगामातही तो घेण्याची वाट यामुळे मोकळी झाली.

येथेही मर्यादा ध्यानात ठेवावी. भुरीला प्रतिकारक असलेला वाण पिवळ्या केवड्याला प्रतिकारक असेलच असे नाही. केवड्याचा प्रसार पांढऱ्या माशीमुळे होतो. तिचा बंदोबस्त वेगळाच करावा लागतो.

बाटलीतील केळी

केळीला बी नसते. मुनवे लावून लागवड करावयाची, तर मुनव्याबरोबर सूत्रकृमी, सोंडकिडा व विषाणू रोगही नव्या बागेत जातात. ऊतीसंवर्धनात निरोगी झाडाच्या वाढीच्या टोकाचा सूक्ष्म भाग घेऊन तो निर्जंतुक बाटलीत वाढवितात. एकापासून अनेक, सारख्या गुणांची रोपे मिळतात. जळगाव जिल्ह्यात १९९० नंतर ग्रँड नैन जातीची ऊतीसंवर्धित रोपे व ठिबक सिंचन यांची जोडी रुजली आणि केळीची बाग एकाच वेळी निसवू लागली. घड एकदम काढणीस येत असल्याने व्यापाऱ्याशी सौदा करणे व पुढील पिकाचे नियोजन करणेही सोपे झाले. मुंबई उपनगरापासून जवळ असलेल्या वसई पट्ट्यात सुकेळीसाठी राजेळी केळी प्रसिद्ध आहे. अशा स्थानिक जातींची निरोगी रोपे वाढविण्यासही हे तंत्र उपयोगी आहे.

परंतु ऊतीसंवर्धित रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. मातृवृक्षातच विषाणू असेल तर तो हजारो रोपांत पोहोचतो. म्हणून केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून अशा रोपांसाठी प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. रोपे घेताना प्रयोगशाळेचा मान्यता क्रमांक व विषाणू तपासणीचा दाखला मागावा. रोप निरोगी असले तरी काकडी मोझॅक विषाणू मावा किडीमार्फत शेतात येतो. यास्तव केळीच्या बागेत व आसपास काकडीवर्गीय पिके, टोमॅटो, मिरची घेऊ नये.

कपाशीने दिलेला धडा

मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील जनुक कपाशीत घालून बीटी कपाशी तयार झाली. या जनुकामुळे पानाफुलांत व बोंडांत एक प्रथिन तयार होते. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्याला छिद्रे पडतात व ती मरते. भारतात बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. २००६ साली दोन जनुके असलेले बोलगार्ड-२ आले. अमेरिकन बोंडअळीवरील फवारे त्यामुळे बरेच कमी झाले, हे मान्य करावयास हवे.

तथापि गुलाबी बोंडअळी दोन्ही प्रथिनांना सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडेच्या बोंडे आतून पोखरली गेली. असे का झाले ? गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. आपल्याकडे लांब मुदतीचे संकरित वाण घेतले गेले. फरदड ठेवल्यामुळे अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राहिले. बियाण्याच्या पाकिटाबरोबर दिलेले बिगर-बीटी बी बांधाकडेने लावावयाचे होते. त्यावर वाढलेले साधे पतंग सरावलेल्या पतंगांशी संकर पावले असते, तर प्रतिकारशक्ती पसरण्यास वेळ लागला असता. पण ते बी बहुतेकांनी लावलेच नाही. पुढे म्हणून बीटी बियाण्यातच थोडे बिगर-बीटी बी मिसळून देण्याची पद्धत आली.

दोष केवळ शेतकऱ्याचा नव्हता. हे बी कशासाठी लावावयाचे, हे पुरेसे समजावून सांगितले गेले नाही. 'बीटी लावा आणि निर्धास्त राहा' असा समज पसरू दिला गेला. बीटी प्रथिन मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांचे काहीच करीत नाही, हे अनेकांना नुकसान सोसल्यावर कळले. आता वेळेवर पेरणी, लवकर येणारे वाण, कामगंध सापळे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि डिसेंबर-जानेवारीत पीक संपविणे याला पर्याय नाही.

बीटी वांग्याचा मार्ग निराळा झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र शासनाने त्याच्या लागवडीस स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ साली त्याला मान्यता दिली. खाण्याच्या पिकाबाबत चाचण्या पुऱ्या व उघड असाव्यात, ही ग्राहकांची मागणी रास्त आहे. तशीच निर्णय वर्षानुवर्षे लांबू नये, ही शेतकऱ्यांची मागणीही रास्त आहे. मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात उघडपणे पेरून आंदोलन झाले, ते याच कोंडीतून. तरीही चोरट्या बाजारातील बियाण्याला ना पावती, ना उगवणीची हमी. ते फसले तर दाद मागण्यास जागा राहत नाही, हे लक्षात घ्यावे.

नवी तंत्रे

पुरात बुडून राहणाऱ्या भातासाठी स्वर्णा-सब-१ हा वाण तयार करताना दुसऱ्या भातातील बुडीत सहन करण्याचा गुण जनुकीय खुणांच्या साहाय्याने स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणला गेला. बाहेरच्या सजीवाचे जनुक त्यात नाही. रोपे दोन आठवड्यांच्या आसपास पाण्याखाली राहिली तरी पुन्हा फुटतात. खाऱ्या जमिनीत तग धरण्याचा गुणही याच पद्धतीने चांगल्या वाणांत आणता येतो. कोकणातील खार जमिनी व खाजणांच्या दृष्टीने हे काम महत्त्वाचे आहे.

जनुक संपादनात पिकाच्या स्वतःच्या जनुकात नेमक्या जागी बदल करतात. बाहेरचे जनुक नसलेल्या अशा वाणांना २०२२ साली केंद्र शासनाने जनुकीय फेरबदल केलेल्या पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने असे दोन भात वाण जाहीर केले : सांबा मसुरीपासूनचा डी.आर.आर. धान-१०० (कमला) व एम.टी.यू.-१०१० पासूनचा पुसा डी.एस.टी. राइस-१. त्यांच्याविषयी जे सांगितले जाते ते आपल्या विभागातील चाचण्यांत उतरले की नाही, हे पाहूनच पेरणीचा निर्णय घ्यावा.

सर्वांत स्वस्त जैवतंत्रज्ञान

भुईमूग, उडीद, मूग, तूर यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे व त्याच दिवशी पेरावे. उडदाचे संवर्धक सोयाबीनला चालत नाही. पाकिटावरील पिकाचे नाव व अंतिम तारीख पाहावी. रासायनिक बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी व जिवाणू शेवटी लावावेत. पाकीट उन्हात राहिले तर आतील जिवाणू मरतात आणि शेतकरी केवळ काळी भुकटी पेरतो.

भाभा केंद्राने विकसित केलेला 'निसर्गऋण' हा प्रकल्पही जिवाणूंवरच चालतो. शहरातील ओला कचरा बारीक करून गरम पाण्याच्या साहाय्याने आधी कुजविला जातो व नंतर हवाबंद टाकीत त्यापासून गॅस व खत मिळते. शेतातून शहरात गेलेली अन्नद्रव्ये परत शेताकडे आणण्याचा हा एक मार्ग आहे.

घरचे बियाणे : चार गुंठ्यांचा हिशेब

चांगला वाण निघूनही तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ही भुईमुगातील खरी अडचण आहे. भुईमुगाला हेक्टरी १०० ते १२५ किलो दाणे लागतात आणि एका हंगामात बियाणे फार पटींनी वाढत नाही. त्यामुळे कंपन्यांना हा व्यवसाय परवडत नाही. पण भुईमूग व उडीद ही स्वपरागीभवन होणारी पिके आहेत. संकरित कपाशीचे बी ठेवले तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. या पिकांत ते टिकतात. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला स्वतःचे बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्या नावाचा शिक्का मारून विकता येत नाही.

समजा, पाच किलो पायाभूत दाणे आणले. एकरी ५० किलोच्या हिशेबाने त्यात चार गुंठे पेरता येतात. एकरी दहा क्विंटल शेंगा धरल्या तर चार गुंठ्यांत एक क्विंटल शेंगा मिळतील. त्यांतून ७० किलोच्या आसपास दाणे निघतील. बारीक, फुटके व डागी काढल्यास ५० किलो राहतील, म्हणजे पुढील हंगामात एक एकराचे बी घरचेच झाले. उडदाचे तर आणखी सोपे आहे. एकरी सहा किलो बी पुरते.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी.

१) बियाण्याचा तुकडा दुसऱ्या वाणापासून भुईमुगात ३ मीटर व उडदात ५ मीटर दूर ठेवावा.

२) फुलोऱ्यात व काढणीपूर्वी वेगळी दिसणारी व रोगट झाडे उपटून टाकावीत.

३) भुईमुगाला आऱ्या सुटण्याच्या वेळी जिप्सम द्यावे, कॅल्शियम कमी पडल्यास शेंगा पोचट राहतात व बियाण्याची उगवण घटते.

४) शेंगा सावलीत, पातळ थरात वाळवाव्यात. तापलेल्या फरशीवर किंवा डांबरी रस्त्यावर वाळवू नयेत.

५) बी शेंगांच्या रूपातच, ओलावा ८ ते ९ टक्क्यांवर आणून साठवावे. पेरणीपूर्वी काही दिवसच शेंगा फोडाव्यात.

६) शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. भुईमुगाचे ७० व उडदाचे ७५ दाणे तरी उगवले पाहिजेत.

७) तीन-चार वर्षांनी मूळ बियाणे विद्यापीठाकडून किंवा बियाणे महामंडळाकडून नव्याने घ्यावे.

बियाणे घेताना विचारावयाचे प्रश्न

हा वाण कोणत्या एका अडचणीसाठी काढला आहे ? ती अडचण माझ्या शेतात आहे का ? कोणत्या किडी-रोगांवर त्याचा उपयोग नाही ? त्याला कोणती साथ द्यावी लागते — आश्रय पीक, पाणी, जिप्सम, वेळेवर काढणी ? पुढील हंगामासाठी त्याचे बी ठेवता येईल का ? विद्यापीठाने आपल्या विभागासाठी त्याची शिफारस केली आहे का ? या सहा प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याला देता आली नाहीत, तर कृषि विज्ञान केंद्रात चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खरेदीची पावती, पिशवी, खूणचिठ्ठी आणि मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे.

ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेत निवडलेले झाड अकोल्याच्या व राहुरीच्या प्रक्षेत्रावर पारखले गेले आणि शेतकऱ्यांनी ते गावोगावी वाढविले, तेव्हाच टी.ए.जी.-२४ शिवारात पोहोचला. या साखळीतील शेवटची कडी शेतकऱ्याच्या हातात आहे. येत्या हंगामात निदान चार गुंठ्यांवर शिफारशीतील वाणाचे शुद्ध बियाणे तयार करावे, गावातील आणखी दोघांना द्यावे व त्यांच्याकडूनही तसेच करवून घ्यावे, अशी शेतकरी बंधू-भगिनींना विनंती आहे.